ठोक्यांमधली फट

१

वर्कशॉपची सकाळ ठरलेली असे. धाकटा शटर वर करी, ताई चहाचं आधण ठेवी, आणि मग दोघं पहिल्या गाडीपाशी उभी राहून कालचंच भांडण पुन्हा उकरून काढत. धाकट्याचं म्हणणं, आधी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावू. ताईचं म्हणणं, आधी ऐकू. धाकटा आता चाळिशीला टेकला होता, कानशिलं पांढरी व्हायला लागली होती, तरी ताईच्या लेखी तो अजून ठोंब्याच. चारचौघांतही ती त्याला याच नावाने हाक मारी आणि तो निमूटपणे ओ देई.

आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता. वडिलांची हत्यारांची पेटी ताईने उचलली, लग्नाचा विषय काढणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावलं, आणि इंजिनं खोलून खोलून भावाला शिकवलं. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि सरळ तिच्याच हाताखाली येऊन उभा राहिला. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. उलट घरात एवढं नवल असताना माणसं बाहेर कशाला जातात, असं त्याला वाटे.

नवल म्हणजे ताईचा कान. डॉक्टरांची असते तशी नळी तिच्याकडे होती, फक्त पुढची चकती काढून तिथे तिने पोलादाची बारीक सळई बसवली होती. सळई इंजिनाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि जिवाचा कान करायचा. "चौथ्याचा व्हॉल्व्ह रुसलाय," ती म्हणे. स्कॅनरही तेच सांगे, पण तोवर ताईचा चहा पिऊन झालेला असे.

२

ती गाडी ट्रकच्या पाठीवरून आली. आच्छादन काढलं तेव्हा रस्त्यावरची माणसं आपापली कामं विसरून थांबली. जेमतेम कमरेएवढी उंची, काळपट हिरवा रंग, आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत एकच रेघ, कुणी हात न उचलता ओढावी तशी. इंजिन पुढे नव्हतं. दोन सीटांच्या पाठीमागे काचेखाली होतं. बारा सिलिंडर, सहा-सहाच्या दोन रांगा. धाकट्याने फडक्याला दोनदा हात पुसले आणि मगच तिला हात लावला.

मालक निवृत्त वैमानिक होते. उंच, हळू बोलणारे. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत.

"चेक इंजिनचा दिवा लागतो," ते म्हणाले. "थोडे दिवस राहतो, आपोआप जातो, पुन्हा लागतो. ताकद कमी होत नाही, धूर नाही, काही नाही. मला वाटतं, तिला काहीतरी सांगायचंय."

"गाड्या सांगतच असतात," ताई म्हणाली. "ऐकणारा भेटत नाही."

"ऐकणारा होता हो. आमचा जुना मेकॅनिक. तुमच्यासारखाच, कान लावून बसायचा. हल्ली त्याची तब्येत ठीक नसते."

कॅप्टन निघताना गाडीकडे वळून पाहत राहिले, लेकीला सासरी सोडून निघालेल्या बापासारखे. धाकट्याने गाडी आत घेतली आणि तिचं तोंड कामाच्या बाकाकडे करून उभी केली.

३

स्कॅनरने सांगितलं, सातव्या सिलिंडरचा ठोका चुकतो. वर्कशॉपच्या भाषेत, गाडी मिसिंग मारते. ठिणगी पडायची वेळ येते आणि पडत नाही. तेवढा एक ठोका रिकामा जातो.

अशा वेळी करायचं काय, ते ताईने त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. अदलाबदल. ठिणगीला वीज पुरवणारी सातवरची कॉइल दोनवर लावायची, दोनवरची सातवर. मग बघायचं, दोष भागाबरोबर गेला की जागेवरच राहिला? गेला तर भाग वाईट. राहिला तर जागा.

त्यांनी कॉइल बदलून पाहिली. प्लग बदलून पाहिले. इंजेक्टर बदलून पाहिले. दोष सातवरच ठाण मांडून बसला. म्हणजे जागा. मग धाकट्याने सातकडे जाणाऱ्या वायरी धरल्या आणि बोटांनी चाचपत मागे मागे गेला. एक्झॉस्टच्या पाइपाजवळ, एका लोखंडी पट्टीच्या आड, वायरीचं आवरण भाजून मऊ पडलं होतं. इंजिन तापलं की वायर पट्टीला टेकायची, गार झालं की सुटायची. दिवा लागायचा आणि जायचा तो म्हणून.

"सापडली गं!" तो ओरडला.

त्याने खराब तुकडा कापून नवा जोडला, त्यावर उष्णता सोसणारी नळी चढवली आणि वायरीची वाटच पाइपापासून लांब नेली. मग स्कॅनरवरून जुनी नोंद पुसली आणि दोघं गाडी घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागली. काय गाडी होती ती! पायाने नुसतं मनात आणावं आणि तिने धावावं. ताई एरवी कुणाच्या गाडीचं चटकन कौतुक करणारी नव्हे, पण त्या दिवशी ती खिडकीतून वारा घेत लहान मुलीसारखी हसत होती.

दिवा लागला नाही. ना जाताना, ना येताना.

४

खरं तर काम तिथे संपलं होतं. दुसऱ्या कुणी तेव्हाच कॅप्टनना फोन केला असता.

पण ताईच्या वर्कशॉपातून कुठलीही गाडी तिने शेवटचं ऐकल्याशिवाय बाहेर जात नसे. गाडी आत आल्याबरोबर तिने सळई टेकवली, डोळे मिटले.

"अजून चुकतोय."

धाकट्याने स्कॅनर पाहिला. चुकलेल्या ठोक्यांच्या रकान्यात शून्य होतं, बाराच्या बारा सिलिंडरांना. "नाही चुकत, ताई."

"सातची कॉइल काढ बघू."

त्याने काढली. आता सात पूर्ण बंद. इंजिन लंगडत चालायला लागलं. ताई ऐकत राहिली. "सातची फट कळतेय मला. ती वेगळी. ही तिच्या पलीकडची."

"म्हणजे कुणाची?"

"कुणाचीच नाही रे. कुठल्याच सिलिंडरची नाही. ठोके सगळे पडतात, आणि तरी मध्ये फट आहे." तिने नळी कानातून काढली नाही. "आणि ती रिकामी वाटत नाही. कुणीतरी श्वास रोखून धरलाय असं वाटतं."

धाकटा हसला. ताई हसली नाही. त्यानंतर रोज हातातलं काम संपलं की ती त्या गाडीपाशी स्टूल ओढून बसू लागली. कॅप्टनना तिने सांगून टाकलं की गाडी अजून तयार नाही. धाकट्याला तिचा अभिमानही वाटला. दिवा विझला की काम झालं, असं मानणाऱ्यांतली ती नव्हतीच.

५

पहिल्यांदा ते चहा पिताना झालं.

"त्या टेम्पोवाल्याला मी स्पष्ट सांगितलं, बाबा रे, तू आधी," ताई म्हणाली आणि थांबली. कप ओठांपासून वीतभर लांब. डोळे उघडे. कपातून वाफ वर येत होती, तिच्या चेहऱ्यासमोरून जात होती, आणि पापणी हलत नव्हती. "गाडी धुऊन आण, मग बोलू," तिने वाक्य पुरं केलं आणि चहाचा घोट घेतला.

ताई विचारात असेल, असं धाकट्याने स्वतःला समजावलं. माणूस बोलता बोलता थांबतो, त्यात काय एवढं. पण मग पाना फिरवताना तिचा हात अर्ध्यावर राहिला. मग दाराशी, एक पाय आत आणि एक बाहेर. दर वेळी जरा जास्त वेळ. आणि दर वेळी ती जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होई, मध्ये काही झालंच नाही अशी.

एकदा अशीच थांबून परत आली आणि म्हणाली, "ठोंब्या, बाकाखाली तुझा दहाचा पाना पडलाय. भिंतीला चिकटून."

तो पाना तो कधीचा शोधत होता. जमिनीवर पोटावर आडवं पडून, बॅटरी मारून पाहिलं तेव्हा कुठे दिसला. "तुला कसा दिसला गं?"

"दिसला की आत्ता."

"आत्ता तू स्टुलावर होतीस."

ताईच्या कपाळावर आठी पडली. तिलाही सांगता येईना. धाकट्याने उठून आजूबाजूला पाहिलं. उभ्या माणसाला बाकाखालचं काही दिसत नव्हतं. बाकाच्या बरोबर समोर ती हिरवी गाडी उभी होती, तिचे दिवे जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. भलतासलता विचार मनात आला तसा त्याने झटकून टाकला.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोकं तपासलं, हृदय तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. विश्रांती घ्या म्हणाले. ताईने मान डोलावली आणि घरी न जाता वर्कशॉपात आली.

त्याच दुपारी ती लिफ्टवरून एक जड गाडी खाली घेत होती. बटण दाबलेलं, गाडी सरकत खाली येतेय, आणि ताई थांबली. अंगठा बटणावर तसाच. तिचं पाऊल लिफ्टच्या पट्टीखाली होतं. धाकट्याने झेप घेऊन तिला ओढलं, दोघं जमिनीवर आदळली, आणि बटण सुटल्यामुळे गाडी जमिनीपासून चार बोटांवर थांबली.

ताई भानावर आली. पाऊल चाचपलं. मग तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली. आजवर तिने त्याला धीर दिला होता, स्वतः कधी मागितला नव्हता.

"मी कुठे होते रे?" ती म्हणाली.

हिला काही झालं तर आपलं या जगात कुणी नाही, हे त्याला त्या वेळी स्वच्छ कळलं.

६

त्याने कॅप्टनकडून जुन्या मेकॅनिकचा नंबर घेतला. फोन मेकॅनिकच्या बायकोने उचलला. त्यांची तब्येत आता कशी आहे, असं त्याने विचारलं.

"आता अगदी छान हो," त्या म्हणाल्या. "मध्ये फार वाईट दिवस काढले आम्ही. बोलता बोलता थांबायचे, जेवताना घास हातात तसाच. एकदा तर जिन्यात. डॉक्टरांना काही सापडेना. आणि मग एके दिवशी आपोआप गेलं बघा."

"कधी गेलं?"

"ती गाडी कॅप्टनसाहेबांनी दुसरीकडे पाठवली ना, त्याच सुमारास. पहिले एक-दोन दिवस तसेच होते. मग दुपारचे जेवून उठले ते एकदम मोकळे."

दुपारी. शहराबाहेरच्या रस्त्यावरून दोघं परत आली होती आणि ताईने पहिल्यांदा सळई टेकवली होती, तीही दुपारच.

धाकटा फोन ठेवून बाकावर बसला. त्याचं डोकं आयुष्यभर एकाच रीतीने चाललं होतं, ते आताही तसंच चाललं. दोष भागाबरोबर जातो की जागेवर राहतो? मेकॅनिकने ऐकलं, दोष मेकॅनिककडे. ताईने ऐकलं, दोष ताईकडे, आणि मेकॅनिक मोकळा. दुसरा एखादा माणूस मांत्रिक शोधत फिरला असता, नाहीतर गाडी तशीच ढकलून बाहेर काढली असती. धाकट्याला मात्र एकच गोष्ट सुचली. जिथे ताई बसते तिथे दुसरं कुणीतरी बसवून बघायचं.

मनातून तो म्हणतच होता की हे खुळ्यासारखं आहे. पण खुळेपणा असेल तर नुकसान काय? आणि नसेल तर ताई सुटते.

७

ताई दुकानातून ऑइल आणायला गेली तेव्हा त्याने इंजिन चालू केलं, तिच्या स्टुलावर बसला आणि नळी कानात घातली.

सुरुवातीला फक्त आनंद होता. ताई इतकी वर्षं काय ऐकत आली, ते त्याला पहिल्यांदा कळत होतं. बारा ठोके, एकामागून एक, प्रत्येकाचा आवाज निराळा आणि सगळ्यांची मिळून एक चाल. तो डोळे मिटून ऐकत राहिला. हळूहळू ठोक्यांमागचं ऐकू यायला लागलं, आणि मग ती फट आली. ताई खोटं बोलली नव्हती. फटीत कुणीतरी श्वास रोखून धरला होता.

त्याने सळई आणखी दाबली. कुणीतरी श्वास सोडला.

ताई परत आली तेव्हा तो इंजिन बंद करून हात पुसत होता. त्या दिवसापासून ती एकदाही थांबली नाही. तिने चहा केला, टेम्पोवाल्याशी भांडली, रेडिओबरोबर बेसूर गायली, सगळं सलग. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिने विचारलं, "काय रे, पेट्रोल उडालं का?" तो हो म्हणाला.

मग एका सकाळी तो बाकाशी बसून एक जुना पंप खोलत होता. स्क्रू अर्धा निघाला होता. आणि त्याला समोर बूट दिसले. तेलाने काळे पडलेले, डाव्या बुटाची नाडी सुटलेली. त्याचेच. बाकाची खालची बाजू दिसली, भिंतीशी साचलेली धूळ दिसली. त्याने वर पाहिलं, निदान पाहावंसं वाटलं, आणि बाकाशी तो स्वतः बसलेला दिसला. स्क्रूड्रायव्हर हातात, मान खाली, अगदी निश्चल.

तेवढ्यात त्या हाताची करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. एकेक करून, हळूच, नवे हातमोजे घालून बघावेत तसं.

तो परत बाकाशी आला तेव्हा स्क्रू पुरता निघून बाकावर पडला होता. पंप त्याच्या हातात होता. तो नाडी बांधायला खाली वाकला.

८

त्याने ठरवलं ते असं. कॅप्टनना बोलावून गाडी पाठवून द्यायची. आपल्याला जे लागलंय ते आपल्यापाशी राहू दे. ताईने पुन्हा ती नळी त्या इंजिनाला लावता कामा नये, बस. ठरल्यावर त्याला बरं वाटलं. आयुष्यभर तिने त्याची ओझी वाहिली होती. एक त्याने वाहिलं तर कुठे बिघडलं?

कॅप्टन दुपारी यायचे होते. ताईने गाडी फडक्याने पुसून लख्ख केली. "देखणी आहे रे बया," ती म्हणाली आणि खुंटीवरची नळी घेतली. "शेवटचं ऐकते आणि सोडते."

"नको, ताई."

"का रे?"

"नको म्हणतो ना. दिवा लागत नाही, गाडी उत्तम चालतेय."

"मी न ऐकता आजवर एक तरी गाडी गेलीय का इथून?" ती आता त्याच्याकडे निरखून पाहत होती. "काय लपवतोयस?"

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. ताईपासून त्याने कधी काही लपवलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं.

आणि ताईच्या चपला दिसल्या. खालून. तिच्या साडीचा काठ, ग्रीसचा डाग. तिच्यासमोर तो स्वतः उभा होता, तोंड उघडं. तो परत जायची वाट पाहू लागला. मागच्या वेळी गेला होता तसा.

समोरच्या त्याने तोंड मिटलं. मग हसला. "काही नाही गं," तो म्हणाला. आवाज हुबेहूब त्याचाच होता. "गंमत केली. ऐक ना, ताई. बस आरामात." त्याने तिच्यासाठी स्टूल ओढलं, दाराशी वाकला, चावी फिरवली.

धाकट्याच्या सर्वांगातून बारा ठोके सुरू झाले. एवढी ताकद त्याने कधी अनुभवली नव्हती, आणि त्या भीतीतही क्षणभर तो दिपून गेला. मग ताई बसली. सळईचं गार टोक टेकलं. त्याला ते कळलं. कुठे कळलं, ते सांगता आलं नसतं.

ऐकू नकोस, असं त्याला ओरडायचं होतं. ओरडायला काही नव्हतं. ठोके होते आणि ठोक्यांच्या मध्ये तो होता. ताईला फट सापडली की ती फटीत डोकावणार, आणि डोकावली की संपलं. म्हणजे फट सापडता कामा नये. त्याने एकेक ठोका धरला आणि पुढच्याला नेऊन चिकटवला. कुठे केसाएवढीही जागा सोडायची नाही. ताईनेच शिकवलं होतं, काम करायचं तर असं, की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये.

ताई ऐकत होती. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली.

"काय गं, आहे का काही?" समोरच्या त्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "एकसुद्धा चुकत नाही."

त्याला हायसं वाटलं. आता ती उठेल, नळी खुंटीला लावेल, कॅप्टन येतील. तो ठोके धरून राहिला. तिच्या कानाला आपण फसवलं, याचं त्याला रडूही येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

पण ताई उठली नाही. तिने डोळे उघडले, बाजूला उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग ती पुन्हा इंजिनाकडे वळली.

"इतकं सरळ कुठलंच इंजिन चालत नाही," ती अगदी हळू म्हणाली, फक्त आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "कोण धरून बसलंय रे? तू आहेस ना?"

तो गप्प राहिला. होता नव्हता तेवढा जोर लावून तो गप्प राहिला.

"थांब हं," ताई म्हणाली. तिने सळई आणखी दाबली आणि डोळे मिटून घेतले.